गुरुवारची खोली

जिन्याखालची खोली मला मिळाली आहे,
गुरुवारपुरती.
एरवी तिथे तांदळाची पोती असतात.
गुरुवारीही असतात,
फक्त त्यांच्यात मी असते.
दारावर खडूनं लिहिलंय : समुपदेशन.
मुलं म्हणतात, पोत्याची बाई.

आज चिठ्ठी घेऊन साईचरण कोंड्याल आला. सहावी ब.
'लक्ष नाही. सारखा बाक वाजवतो.
सांगून झालं, बाहेर उभं करून झालं, पट्टी' –
पट्टी नंतर खोडलेली,
तरी वाचता येते.

तो एका पोत्यावर बसला, मी दुसऱ्या.
मी माझा तक्ता काढला,
चार गोल चेहरे : आनंद, दुःख, राग, भीती.
त्यानं चारही नीट पाहिले,
घ्यायचं नसताना गाड्यावरचे आंबे बघावेत तसे,
आणि परत दिले.

मग बोटं सुरू झाली.
खटक् खट. खटक् खट.
पोतं वाजत नाही,
म्हणून त्यानं गुडघा घेतला.

मी पदविका केली तेव्हा
अस्वस्थतेच्या लक्षणांचं एक पान होतं.
त्या पानात बोटं होती.
पूर्व भाग नव्हता.

'कशाचा आवाज रे हा?'
'तीन नंबरचा,' तो म्हणाला,
एवढंही कळू नये याचं नवल करत.
'दोन नंबर फास्ट होता. तीन लंगडायचा.
नायना तीनवर असायचे.'

घर कारखान्याच्या मागच्या भिंतीला.
जन्मल्यापासूनची झोप त्या आवाजात.
टॉवेलाच्या ऑर्डरी आटल्या,
दिवाळीला खाली आलेलं शटर वर गेलं नाही,
माग गेले वजनावर, भंगाराच्या टेम्पोतून.
तीन नंबर शेवटी गेला.
तेव्हापासून नायना भिंतीकडे तोंड करून निजतात.
अम्मा हजाराच्या वर अजून दोनशे विड्या घेते,
तो रात्री विड्यांची तोंडं मिटतो,
आणि मग घर इतकं गप्प होतं
की नायनांचा श्वास चालू आहे ना
हे त्याला उठून बघावं लागतं.

'किती वेळा उठतोस?'
'मोजत नाही. मोजायचं असतं?'

नाही, मी म्हटलं.
मोजायचं नसतं.

माझ्या फॉर्मात 'समस्या' असा रकाना आहे, दोन बोटं रुंद.
मी लिहिलं : शांतता.
वर कुणाला काय कळणार, म्हणून खोडलं.
लिहिलं : झोप अपुरी.
आता माझंही खोडलेलं वाचता येतं.

तेवढ्यात हणमव्वा मावशी दारात, हातात घमेलं.
'उठा की ओ बाई, तांदूळ काढायचाय.'
त्याच्याकडे बघून म्हणाली,
'ह्याचा बाप इथलाच. जेवायच्या आधी ताट वाजवायचा.'
तो पहिल्यांदा हसला, खाली बघून,
आणि पोत्याचं एक टोक त्यानं धरलं.

माशाळे मॅडमना भेटले.
त्या म्हणाल्या, 'अठ्ठावन्न आहेत माझ्याकडे.
प्रत्येकानं आपापल्या घरातलं वाजवायचं ठरवलं तर?'
मला उत्तर आलं नाही.
मग त्यांनीच कपाटातून एक टॉवेल काढला,
कुठल्या तरी सत्कारातला,
चौघडी करून खिडकीजवळच्या बाकावर ठेवला.
'ह्याच्यावर वाजव म्हणावं.'
खोडलेल्या शब्दाविषयी
आम्ही दोघी काही बोललो नाही.

जाताना एका कागदावर
सिव्हिलमधल्या खिडकीचा नंबर आणि वेळ लिहून दिली.
'नायनांसाठी. अम्माला दे.'
त्यानं कागदाची घडी केली, लहान, आणखी लहान,
विडीचं तोंड मिटतात तशी,
आणि खिशात घातली.

'परत कधी?'
'गुरुवारी.'
तो बोटांवर मोजत राहिला.
'पाणी पाचव्या दिवशी येतं,' म्हणाला,
'तुम्ही सातव्या.'

तक्रार नव्हती त्यात.
पिंप केवढं लागेल
याचा तो अंदाज घेत होता.